खंडेनवमीनंतरचा वारा

फोनवर नेने सर हसले, आणि मला जास्त राग आला तो त्या हसण्याचाच. रागावले असते तर मी भांडले असते. हसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? तांबेवाडीच्या एसटीडी बूथमध्ये मी उभी, बाहेर माणसं खोळंबलेली, त्यातला एक काचेला नाक लावून माझ्याकडे बघतोय, आणि मी घसा ताणून मुंबईला सांगतेय की वारा फिरलेला नाही, गडबड आपल्याच यंत्रात आहे.

“वैजयंती,” सर म्हणाले, “तीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते आता दिसलं. आणि तू म्हणतेस ते खोटं आहे. कशावरून?”

“तसं हातात काही नाही सर. पण मला ते खरं वाटत नाही.”

“वाटण्यावर आपलं काम चालत नाही,” असं म्हणून त्यांनी मला नेहमीची ताकीद दिली. यंत्र बंद करायचं नाही, एकही वायर सोडवायची नाही, नोंदीत खंड पडता कामा नये. मग फोन ठेवला. बूथवाल्यानं पावती फाडली आणि काचेला नाक लावलेला माणूस मला बाजूला सारून आत शिरला.

आमचं रडार म्हणजे विमानं शोधणारं रडार नव्हे. तांबेवाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडाबोडका सपाट माथा, आहे. गारगोटीहून एसटीनं यायचं आणि शेवटची चढण पायी चढायची. तिथे आमच्या संस्थेची एक पत्र्याची खोली होती आणि समोर अधिकच्या चिन्हासारखे रोवलेले पाच अँटेना, एक मधोमध आणि चार चार दिशांना. जमिनीपासून नव्वद किलोमीटर वर, जिथे विमान पोचत नाही आणि फुगाही पोचत नाही, तिथला वारा आणि तिथलं तापमान आम्ही मोजायचो. रात्रंदिवस आकाशातून वाळूच्या कणाएवढ्या उल्का पडत असतात. त्या वर जळतात आणि मागे एक रेघ सोडतात, कच्च्या रस्त्यावरून एसटी गेली की मागे धुरळा राहतो तशी. ती रेघ तिथल्या वाऱ्याबरोबर वाहत जाते. आम्ही खालून रेडिओलहर सोडायची, ती रेघेवर आपटून परत आली की पाचही अँटेनांनी ऐकायची, आणि कोणाला आधी ऐकू आलं त्यावरून रेघ कुठल्या दिशेला आहे ते ठरवायचं. रेघ कुठे सरकतेय त्यावरून वारा कळतो, किती लवकर विरतेय त्यावरून तापमान.

नेने सरांचं सगळं आयुष्य या वरच्या वाऱ्यात गेलं. त्यांचं म्हणणं असं की पाऊस परतायच्या आधी काही दिवस हा वारा दिशा बदलतो. पूर्वेकडे वाहत असतो तो पश्चिमेकडे वाहू लागतो. हे खरं ठरलं तर मान्सून कधी परतणार ते आधीच सांगता येईल. तरुणपणी त्यांनी हे मांडलं तेव्हा लोक हसले होते, आणि पुढेही त्यांना आधार कधी सापडला नाही. आता निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्या वर्षी वारा खरोखरच फिरला. दसऱ्याच्या सुमारास फिरला आणि लगोलग पाऊस परतला. सर लहान मुलासारखे हरखले. त्यांनी घाईघाईनं शोधनिबंध लिहिला, त्यावर नेने आणि सबनीस अशी आमची दोघांची नावं घातली, आणि परदेशातल्या मोठ्या परिषदेत तो वाचायचं नक्की केलं. विमानाचं तिकीट आलं होतं. माझा प्रबंधही त्याच वाऱ्यावर उभा राहणार होता. सगळं जुळून आलं होतं, आणि मला मात्र त्या आलेखाकडे बघवत नव्हतं.

कारण वारा असा फिरत नाही. तो बैलगाडीसारखा वळतो, जागा घेत, रेंगाळत. हा फिरला होता बटण दाबल्यासारखा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूर्वेकडे, खंडेनवमीला यंत्र बंद, दसऱ्याला पश्चिमेकडे.

खंडेनवमीला आमच्या भागात हत्याराला हात लावत नाहीत. विळी असो, लेथ असो, नाहीतर शिवणयंत्र, ते धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि त्याला दिवसभर विश्रांती द्यायची. आमच्या केंद्राचे तंत्रज्ञ बळवंत चौगुले ही रीत कडक पाळायचे. नुसतं बटण बंद केलं म्हणजे विश्रांती झाली असं त्यांना वाटत नसे. ते यंत्राच्या पाठीमागच्या सगळ्या वायरी सोडवून ठेवत, म्हणजे कसं मोकळं वाटतं त्याला. सरांचा देवावर विश्वास नव्हता, पण वायरींची तोंडं वर्षातून एकदा साफ होतात म्हणून ते चालवून घेत. त्या वर्षी तर केंद्राला दहा वर्षं झाली म्हणून सर स्वतः पूजेला आले होते. मी नाशिकला आईकडे गेले होते.

सरांना मी विचारलं होतं की नेमका बंद दिवशीच वारा कसा फिरला. त्यांचं उत्तर तयार होतं. वळण त्याच दिवसात झालं, आपण बघत नव्हतो म्हणून ते दिसलं नाही, त्यात नवल काय.  माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तिच्या बाजूनं त्याला दहा कारणं सापडतात, आणि सरांसारख्या हुशार माणसाला वीस.

आठवडाभर मी त्या पत्र्याच्या खोलीत डोकं फोडलं. विजेचा दाब तपासला, यंत्राचं घड्याळ तपासलं, संगणकाला दिलेल्या सूचना ओळीओळीनं वाचल्या. दिवसातून दोनदा वीज जायची आणि वाचलेलं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागायचं. मागच्या वायरी तर किती वेळा बघितल्या. प्रत्येक वायरीच्या टोकाला रंगीत पट्टी असायची आणि यंत्रावर त्याच रंगाचा ठिपका. पूर्वेची लाल, पश्चिमेची पिवळी, उत्तरेची निळी, दक्षिणेची हिरवी. लाल वायर लाल ठिपक्याशी, पिवळी पिवळ्याशी. सगळं जागच्या जागी. मी चिडून खुर्चीला लाथ मारली आणि माझाच अंगठा सुजला.

लंगडत चहा घेतानाच माझ्या ध्यानात आलं की त्या पट्ट्या फार स्वच्छ आहेत. मी चौगुल्यांना विचारलं.

“नव्या हायत की,” ते म्हणाले. “पूजेत हळदकुंकू लागून, तेल लागून जुन्या पार बरबटल्या हुत्या. पिवळी कंची नि लाल कंची काय कळंना. म्हणून काढून टाकल्या नि नव्या लावल्या.”

“कुठल्या वायरीला कुठला रंग, ते कशावरून ठरवलंत?”

“जी वायर ज्या ठिपक्याला जोडलेली हुती, त्येच्यावरून.”

 हळदीनं सगळ्या पट्ट्या पिवळ्या झालेल्या आणि कुंकवानं लाल. तशात कोणी पूर्वेची वायर पश्चिमेला जोडली असेल आणि चौगुल्यांनी नंतर तिथला रंग बघून नवी पट्टी लावली असेल, तर ती चूक वर रंग देऊन पक्की झाली. आता जन्मभर बघत बसलं तरी ती दिसणार नव्हती.

वायरी परत तुम्हीच जोडल्या ना, असं मी विचारलं. चौगुले खाली बघत म्हणाले की नाही. मग कोणी जोडल्या? त्यावर त्यांनी, आता ते कशाला ताई, झालं ते झालं, असं काहीतरी पुटपुटून विषय टाळला. मला वाटलं, हा माणूस स्वतःची कातडी वाचवतोय. मी त्यांना नको तितकं बोलले. तुमच्या पूजेपायी सरांची तीस वर्षं मातीत जातील, असंही म्हटलं. ते चहाची किटली विसळायला लागले, आणि त्यानं माझा पारा आणखी चढला.

तपासायला वेळ लागणार नव्हता. बाहेर जाऊन पूर्वेच्या अँटेनाची वायर तिथेच सोडवायची आणि आत पडद्यावर कुठली रेघ सपाट होते ते बघायचं. पूर्वेची झाली तर माझं डोकं फिरलंय, पश्चिमेची झाली तर वायरी उलट्या आहेत. मी पाना उचलला आणि दाराशी गेले. चौगुले दारात येऊन उभे राहिले.

“सरांना इचारल्याबिगर न्हाई,” ते म्हणाले. “गेल्या साली एकानं न इचारता वायर काढली, तर मला मेमो मिळाला. ताई, तुम्ही उद्या मुंबईला जाल. मला हितंच ऱ्हायाचंय.”

त्यांचं खरं होतं. मी पाना खाली ठेवला. आत येऊन दोन महिन्यांचे छापील आलेख जमिनीवर पसरले आणि त्यांच्यामध्येच बसकण मारली. मला रडू येत होतं. सरांकडे परवानगी मागायची तर पुरावा हवा, आणि पुरावा मिळवायचा तर परवानगी हवी.

त्या दुपारी मी सरासरी वाऱ्याकडे बघायचं सोडून रोजच्या झोक्याकडे बघितलं. सूर्य वरची हवा तापवतो, त्यामुळे त्या हवेला समुद्रासारखी भरती-ओहोटी असते. रोज ठरल्या वेळी वारा एका बाजूला झुकतो, ठरल्या वेळी दुसऱ्या. मी खंडेनवमीआधीचा एक कागद घेतला आणि नंतरचा एक. नंतरचा, खालची कड वर येईल असा पालथा घातला आणि दोन्ही एकावर एक खिडकीच्या काचेला धरले. पालथी रेघ आधीच्या रेघेवर बसली. दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तेच. सरासरी वारा ऋतूबरोबर फिरेल एक वेळ. पण सूर्य तोच, सकाळ तीच, आणि भरती मात्र एका रात्रीत ओहोटीच्या जागी? उत्तर-दक्षिण वारा बघितला, त्याला धक्काही लागला नव्हता. तापमानही जसंच्या तसं. जगातलं काही बदललं नव्हतं, फक्त पूर्वेला पश्चिम म्हटलं जात होतं.

मी सुजलेल्या अंगठ्यानिशी चढण उतरून बूथवर गेले. या वेळी सर हसले नाहीत. मी त्यांना भरती-ओहोटीचं सगळं सांगितलं.

“उत्तर-दक्षिण?” त्यांनी विचारलं.

“तसाच आहे.”

“तापमान?”

“तेही.”

“कशाला हात लावू नका,” ते म्हणाले. “मी येतो.”

सर आले ते कोल्हापूरहून जीप करून. चौगुल्यांनी चहा पुढे केला तर तो घेतला नाही. जमिनीवरचे माझे कागद उचलून खिडकीशी उभे राहिले, मी धरले होते तसेच धरून बघितले, आणि मग माझ्याशी वाद घालायला लागले. भरतीची वेळ ऋतूप्रमाणे सरकते हे मला ठाऊक आहे ना? आहे, पण इतकी नाही. जपानी लोकांनी एकदा असंच काहीसं बघितलं होतं. त्यांनी आठवड्याभरात बघितलं होतं सर, एका दिवसात नाही. मग यंत्र सुरू केल्यावर ते स्थिर व्हायला वेळ लागला असेल. मग तापमान का हललं नाही? आमचा हा वाद बराच वेळ चालला. त्यांचा आवाज चढत गेला आणि माझाही. मला एकाच वेळी त्यांचा राग येत होता आणि त्यांनी एखादं असं कारण सांगावं की मी चूक ठरेन, असंही वाटत होतं. तेवढं एक कारण त्यांच्याकडे नव्हतं. हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण बोलता बोलता ते मध्येच थांबले आणि त्यांनी पाना मागितला.

“तू पडद्याजवळ बस,” ते मला म्हणाले. “मी जातो.”

वायर आपण सोडवतो असं चौगुले म्हणाले, पण सरांनी ऐकलं नाही. सड्यावर इतका वारा होता की अँटेनापासून हाक मारली तर खोलीत ऐकू येत नव्हती. म्हणून चौगुले मधल्या अँटेनापाशी उभे राहिले, माझं सरांना आणि सरांचं मला सांगायला. दारातून मला सर दिसत होते. एका हातानं टोपी सावरत वाळलेल्या गवतातून पूर्वेच्या अँटेनाकडे चाललेले. तिथे ते गुडघ्यावर बसले.

पडद्यावर पाच अँटेनांच्या पाच रेघा थरथरत होत्या, ज्या-त्या ठिपक्याच्या रंगाच्या. मी लाल रेघेवर डोळे लावून बसले, आणि खरं सांगते, तीच सपाट व्हावी असं मला वाटलं. लाल रेघ थरथरत राहिली. पिवळी सपाट झाली.

मी दारात येऊन सांगितलं. चौगुल्यांनी ते ऐकलं, पण पुढे सांगेनात. माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंडाशी हात धरून हाक दिली.

“सर, पश्चिम.”

सर तिथेच बसून राहिले. मग त्यांनी वायर घट्ट केली, उठले, आणि आम्हा दोघांकडे न बघता थेट पश्चिमेच्या अँटेनाकडे चालत गेले. तिथेही तेच केलं. आता लाल रेघ सपाट झाली. चौगुल्यांनी “पूर्व” एवढंच सांगितलं, तेही हळू, सरांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. जायची गरजही नव्हती.

आत येऊन सरांनी पाना जागेवर ठेवला, हात पुसले आणि खुर्चीत बसले. चौगुले दाराशी उभे होते. मी तोंड उघडणार, पूजा आणि पट्ट्या आणि हलगर्जीपणा सगळं पुन्हा काढणार, तेवढ्यात सर बोलले.

“यांना काही बोलू नकोस. वायरी मी जोडल्या होत्या. हे गावात प्रसाद वाटायला गेले होते, आणि मला रात्रीची गाडी गाठायची होती. म्हटलं, दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा मीच जोडल्या होत्या, आजही आपणच जोडू. फार हौसेनं जोडल्या.”

चौगुले म्हणाले, “मी परत आल्यावर बघाय पायजे हुतं, सर.”

“मी जोडलेलं तुम्ही कशाला बघाल?” सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

मी चौगुल्यांकडे बघितलं. माझं एवढं बोलणं त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं आणि सरांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफ करा म्हटलं तर ते, असू द्या ताई, म्हणून चहा परत गरम करायला गेले.

 मला वाटत होतं की आता आपण बरोबर ठरलो, तर जरा मोकळं वाटेल. तसलं काही वाटलं नाही. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी तडफडले ती हातात आली होती आणि ती कोणाला द्यावीशीही वाटत नव्हती. प्रबंधातली तीन प्रकरणं गेली होती. सरांचं काय गेलं होतं ते मोजायचं मला धाडस नव्हतं.

“वैजयंती, तू बरोबर निघालीस हे मला आवडलेलं नाही,” सर म्हणाले. “तुला खोटं सांगत नाही.”

“मलाही नाही आवडलं, सर.”

त्यांनी मान हलवली. परिषदेला मी जाणार आहे, निबंध मागे घेतो आहोत हे तिथे उभं राहून सांगणार आहे, आणि ते सांगताना माझं एकट्याचं नाव असेल, असं त्यांनी मला बजावलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी बॅगेतून तो आलेख काढला. हातानं काढलेला, भारी कागदावरचा, परिषदेत दाखवायचा. दसऱ्यापाशी मधली शून्याची रेघ ओलांडून खाली गेलेली वाऱ्याची रेघ. ती त्यांनी निळ्या शाईनं इतकी जपून काढली होती की कुठे हात थरथरल्याची खूण नव्हती. त्यांनी कागद टेबलावर पसरला, खिशातून पेन्सिल काढली आणि दसऱ्याच्या जागी टोक टेकवलं.

“दसऱ्यापासूनचे आकडे सांग,” ते म्हणाले.

वायरी उलट्या होत्या एवढंच झालं होतं, म्हणजे दसऱ्यानंतरच्या प्रत्येक आकड्याचं वजाचं चिन्ह काढून टाकायचं होतं. संगणकाला एक ओळ लिहून सांगितली असती तर त्यानं ते क्षणात केलं असतं, आणि नवा आलेखही छापून दिला असता. हे सरांना माहीत होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

मी छापील कागद मांडीवर घेतला आणि पहिला आकडा वाचला. वजा अठरा. सरांनी शून्याच्या वर मोजून अठरावर टिंब दिलं. वजा सोळा. टिंब दिलं. वजा एकवीस. चौगुले चहा घेऊन आले आणि कप ठेवून भिंतीशी उभे राहिले. टिंबं एकामागून एक शून्याच्या वर बसत गेली, आणि खंडेनवमीपर्यंत जशी रेघ चालली होती तशीच ती पुढे चालत राहिली, कुठेही न वळता. पाऊस परतला त्या दिवसापाशी सरांची पेन्सिल थांबली. तिथला आकडा मी वाचला नाही. मला वाटलं, त्यांना जरा वेळ हवा असेल.

“थांबलीस का?” सर म्हणाले. “वाच.”